एका घटकेचें अंतर

कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या देवळांत वर्षांतून दोनदां किरणोत्सव होतो. नोव्हेंबरच्या ९, १० व ११ या तारखांना आणि पुढें ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या तारखांना मावळतीचा सूर्य महाद्वाराच्या सरळ रेषेंत येतो आणि त्याचे किरण गरुडमंडप ओलांडून थेट गाभाऱ्यांत शिरतात. पहिल्या दिवशीं ते देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशीं वक्षःस्थळापर्यंत आणि तिसऱ्या दिवशीं मुखावर पोंचावेत, अशी या सोहळ्याची परंपरा सांगतात. ढग, धूळ आणि वाटेंत उभ्या राहिलेल्या इमारती यांनीं अलीकडे तो पुष्कळदां अर्ध्यावर अडविला आहे. पण तो विषय निराळा. येथें लक्षांत घ्यावयाचें तें एवढेंच कीं, या दोन्ही वेळां सूर्य आकाशांत जवळजवळ एकाच वाटेनें मावळतो. जागा तीच, दरवाजा तोच. तरी भिंतीवरच्या घड्याळांत पाहिलें तर नोव्हेंबरचा तो सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि फेब्रुवारीचा साडेसहाच्या सुमारास. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आंस कललेला, म्हणून खरा सूर्य कधीं सोळा मिनिटें आधीं तर कधीं चौदा मिनिटें उशिरा माध्यान्हीं येतो. घड्याळ चालतें तें या खऱ्या सूर्याच्या मागून नव्हे; वर्षाची सरासरी काढून गणितानें जो एक सूर्य कल्पिला आहे, त्याच्या मागून तें चालतें.

म्हणजे घड्याळाची वेळ ही प्रथमपासूनच माणसांनीं आपसांत ठरविलेली गोष्ट आहे. आणि माणसें जें ठरवितात तें कोणीं ठरवावें, हा तंटा केव्हांतरी उपस्थित व्हावयाचाच. उन्हाळ्यांत घड्याळाचा कांटा एक तास पुढें सारावा कीं नाहीं, यावर परदेशांत कित्येक ठिकाणीं लोकांचा कौल घेतला गेला. भारतांत तसा कौल कधींच घेतला गेला नाहीं. परंतु घड्याळावरून झालेली एक मोठी लढाई कोल्हापूरच्या लोकांना परक्या नसलेल्या मुंबई शहरांत झाली, आणि तिच्यांत मतें मोजलींही गेलीं. तीं कोणाचीं मोजलीं गेलीं आणि कोणाचीं नाहींत, हें पाहण्यासारखें आहे.

घड्याळें घरोघर येण्यापूर्वीं वेळेचा हिशेब घटकांत होत असे. अहोरात्रीच्या साठ घटका, एक घटका म्हणजे आजचीं चोवीस मिनिटें. पाण्यानें भरलेल्या गंगाळांत बुडाशीं बारीक छिद्र पाडलेलें तांब्याचें घटिकापात्र सोडावयाचें. तें भरून बुडालें कीं एक घटका झाली. लग्नघरीं जोशीबुवा या पात्रावर नजर ठेवून बसत आणि बुडालेल्या पात्राच्या खुणेवर मंगलाष्टकें संपत. दिवसाचा आरंभ सूर्योदयापासून. प्रत्येक गांवाचा सूर्योदय स्वतःचा, म्हणून प्रत्येक गांवाची वेळही स्वतःची. कोल्हापूरची दुपार मुंबईच्या दुपारीपेक्षां सुमारें सहा मिनिटें आधीं होई, आणि त्याचें कोणास सुखदुःख नव्हतें. कारण सहा मिनिटांत मुंबईहून कोल्हापुरास कोणी येत नव्हतें.

सुखदुःख उत्पन्न केलें तें आगगाडीनें आणि तारेनें. हिंदुस्थानांतील आगगाड्यांना एकच वेळ हवी म्हणून १८७० च्या सुमारास मद्रासची वेळ निवडण्यांत आली. मद्रासला कंपनी सरकारच्या काळापासून वेधशाळा होती, आणि तें शहर मुंबई व कलकत्ता यांच्या साधारण मध्यें पडत होतें. १८९१ सालीं मिरजेहून कोल्हापूरपर्यंतचा सुमारें २९ मैलांचा लोहमार्ग खुला झाला, तेव्हां ही मद्रासची वेळ कोल्हापूरच्या वेशीपाशीं येऊन उभी राहिली. आतां रेखांशांचा हिशेब करून पाहावा. कोल्हापूर पूर्वरेखांश ७४ अंश १४ कलांवर, मद्रास ८० अंश १७ कलांवर. अंतर सहा अंशांचें. एका अंशास चार मिनिटें याप्रमाणें चोवीस मिनिटें. म्हणजे स्टेशनची वेळ आणि शहरावरच्या सूर्याची वेळ यांत बरोबर एका घटकेचें अंतर! बारा वाजतांची गाडी गांठावयाची म्हणून सूर्य डोक्यावर येतांच जो स्टेशनांत शिरेल, त्याची गाडी तोंपर्यंत रुकडीच्या वाटेला लागलेली असावयाची. जोशीबुवांच्या जुन्या घटिकापात्राला इंग्रजी वेळेचा फरक इतक्या नेमकेपणानें मोजतां यावा, हा निव्वळ योगायोग. पण मोठा मौजेचा.

मुंबईंत मात्र ही गोष्ट मौजेची राहिली नाहीं. तेथून मद्रासचें अंतर अर्ध्या तासाचें. १८८१ च्या अखेरीस गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं मुंबईंतील सरकारी कचेऱ्यांनीं मद्रास वेळेप्रमाणें चालावें असा हुकूम काढला. हे फर्ग्युसन म्हणजे ज्यांच्या नांवानें पुण्याचें कॉलेज पुढें १८८५ सालीं निघालें तेच. हुकूम निघाला, पण शहर हललें नाहीं. व्यापाऱ्यांच्या पेढ्या, बाजार, देवळें आणि अग्याऱ्या जुन्या वेळेनेंच चालत राहिलीं. कचेरीचे साडेदहा आणि रस्त्यावरचे दहा, अशी दुहेरी दुनिया सुरू झाली. लोकांचा आक्षेप अर्ध्या तासाला होता त्याहून अधिक तो न विचारतां झालेल्या हुकमाला होता.

पुढें प्रश्न आला राजाबाई टॉवरचा. शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीनें उभारलेला विद्यापीठाचा हा मनोरा १८७८ सालीं पुरा झाला होता, आणि त्याच्या घड्याळाकडे अर्धें शहर मान वर करून पाहत असे. या घड्याळानें कोणती वेळ दाखवावी? येथें मुंबईच्या व्यापारी मंडळानें, म्हणजे चेंबर ऑफ कॉमर्सनें, एक नवीन गोष्ट केली. त्यानें या प्रश्नावर मतें मागविलीं. मताधिक्य मुंबईच्या स्वतःच्या वेळेच्या बाजूनें पडलें आणि विद्यापीठानें तो कौल मानला. सरकारला हें रुचलें नाहीं. जें घड्याळ बिनसरकारी वेळ दाखवितें, त्याच्या रात्रीच्या दिव्यांचा खर्च सरकारनें कां सोसावा, असें म्हणून पैसे नाकारण्यांत आले. एवढें बलाढ्य साम्राज्य, आणि त्याचा राग निघाला तो घड्याळाच्या दिव्याच्या तेलावातीवर! अखेरीस १८८३ सालीं सरकारनेंच माघार घेतली आणि मद्रास वेळेचा हुकूम मुंबईपुरता परत घेतला गेला. मतें मागवून वेळ ठरविण्याचा हा प्रसंग हिंदुस्थानांतील अगदीं आरंभींच्या प्रसंगांपैकीं म्हणावा लागेल. मात्र मतें मागविणारें मंडळ व्यापाऱ्यांचें होतें, हें विसरतां कामा नये. गोदींतल्या हमालाला कोणी विचारलें नव्हतें.

दुसरा प्रसंग यापेक्षां तीव्र झाला. ग्रीनिचच्या पुढें बरोबर साडेपांच तास, अशी एकच वेळ सर्व हिंदुस्थानाला लावावयाचें ठरलें. आगगाड्या आणि तारखातें यांनीं ती १९०५ च्या मध्यास घेतली, आणि १९०६ च्या १ जानेवारीपासून मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांचीं घड्याळें एकोणचाळीस मिनिटें पुढें सरकलीं. शास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर ही सुधारणा निर्दोष होती. जगांतील अनेक देश याच मार्गानें चालले होते, आणि तासाच्या वा अर्ध्या तासाच्या पूर्ण फरकानें वेळा जुळल्या म्हणजे तारा, जहाजें व गाड्या यांचे हिशेब सुलभ होतात, हें कोणी नाकारीत नव्हतें. पण मुहूर्त वाईट निघाला. १९०५ च्या ऑक्टोबरांत बंगालची फाळणी झालेली; स्वदेशी आणि बहिष्कार हे शब्द घरोघर पोंचलेले. अशा हवेंत सरकारनें काढलेली कोणतीही नवी गोष्ट ‘सरकारी’ म्हणूनच ओळखली जावयाची. स्टँडर्ड टाइम हा सरकारी टाइम झाला आणि मुंबई टाइम हा लोकांचा.

वर्तमानपत्रांत वाद माजला तो सुशिक्षितांचा. गिरणगांवांत जें घडलें त्याला शाई लागली नाहीं. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यांत जेकब ससून गिरणींतील हजारों कामगारांनीं नव्या वेळेनें काम करण्याचें नाकारलें आणि ते बाहेर पडले. मालकांना जुन्या वेळेवर परत यावें लागलें. या कामगारांत रत्नागिरीचे लोक पुष्कळ, त्यांच्या खालोखाल घांटावरचे. सातारा आणि कोल्हापूर भागांतून पोटासाठीं मुंबईस गेलेल्यांचाही त्यांत भरणा होता. त्यांनीं चाळींत मागें ठेवलेलें बिऱ्हाड सूर्यावर चालत होतें. पाणी भरणें, चूल पेटविणें, भाकरी थापणें हें सगळें उजाडण्याच्या हिशेबानें. भोंगा एकोणचाळीस मिनिटें आधीं झाला कीं तेवढी झोंप गेली.

सायंकाळीं तितकाच आधीं सुटतोस ना, असें कोणी म्हणेल. पण हा युक्तिवाद ज्याच्या घरीं घड्याळ आहे त्याला पटावयाचा. नुकतेच गिरण्यांत विजेचे दिवे आले होते आणि त्या दिव्यांच्या जोरावर कामाचा दिवस उजेडाच्या दोन्ही टोंकांना वाढविला गेला होता. त्यावरून १९०५ सालींच कामगारांत असंतोष भडकून गेला होता. पुरुष कामगाराच्या दिवसाला कायद्याची मर्यादाच नव्हती. कापडगिरण्यांत ती बारा तासांवर प्रथम आली ती १९११ च्या कायद्यानें. ज्याचा दिवस अगोदरच असा ओरबाडला गेला आहे, त्याला सकाळ आधीं करणारा हुकूम म्हणजे आणखी एक चोरी वाटली तर त्यांत नवल तें कसलें? त्याच्या दृष्टीनें सकाळचा भोंगा नव्या वेळेनें आणि सुटीचा जुन्या वेळेनें वाजविला जाणार नाहीं, याची हमी कोण देणार होतें?

यानंतर प्रश्न म्युनिसिपल कॉर्पोरेशनपुढें आला. फिरोजशहा मेहतांचें ज्या सभेवर वजन होतें ती ही सभा. १८८८ च्या कायद्यानें तिचे सभासद ७२. त्यांपैकीं ३६ करदात्यांनीं निवडलेले, बाकीचे जस्टिस ऑफ दि पीस, विद्यापीठ, व्यापारी मंडळ आणि सरकार यांनीं पाठविलेले. या सभेनें १९०६ सालींच आपल्या घड्याळांपुरता निकाल मुंबई टाइमच्या बाजूनें दिला. क्रॉफर्ड मार्केटच्या मनोऱ्यावरचें घड्याळ एक वेळ सांगे आणि थोड्याच अंतरावरचें बोरीबंदरचें स्टेशन एकोणचाळीस मिनिटें पुढची. सरकारला गाड्या आणि कचेऱ्या बदलतां आल्या. शहराच्या मालकीच्या घड्याळाला हात लावतां आला नाहीं. हा विजय खरा होता. तथापि करदात्यांच्या यादींत गिरणी कामगाराचें नांव नव्हतें. सभागृहांत त्याच्या बाजूनें मत पडलें, पण तें त्याचें मत नव्हतें. त्यानें आपलें मत गिरणीच्या फाटकाबाहेर येऊन अगोदरच दिलें होतें.

कोल्हापुरास हें सारें दुरून ऐकूं आलें. संस्थानांत शाहू महाराजांचें राज्य होतें. १९०६ सालींच महाराजांनीं शहरांत कापडाची गिरणी उभारण्यास आरंभ केला. तीच पुढें शाहू मिल म्हणून प्रसिद्ध झाली. शेतकऱ्याच्या औताला जी वेळ ठाऊक नव्हती ती गिरणीच्या भोंग्यानें शहराच्या अंगवळणीं पाडली. आगगाडीचें घड्याळ मद्रासकडून नव्या वेळेकडे वळलें आणि कोल्हापूरच्या सूर्याशीं त्याचें अंतर चोवीस मिनिटांचें होतें तें तेहतीस मिनिटांचें झालें. मुंबईचें दुखणें एकोणचाळीस मिनिटांचें, कोल्हापूरचें त्याहून सहा मिनिटांनीं हलकें. मात्र त्यावर मत देणारी सभा कोल्हापुरांत बसली नाहीं.

आतां उन्हाळी वेळेकडे वळावें. ही कल्पना प्रथम जोरानें मांडली ती विल्यम विलेट नांवाच्या एका इंग्रज इमारत-कंत्राटदारानें. लंडनला जूनमध्यें दिवस साडेसोळा तासांचा असतो. पहांटे चारच्या आधींच उजाडतें आणि लोक पडदे ओढून झोंपलेले. हा उजेड फुकट जातो, असें म्हणून त्यानें १९०७ सालीं एक पुस्तिका काढली आणि एप्रिलच्या चार रविवारीं वीस वीस मिनिटें घड्याळ पुढें करण्याची योजना सुचविली. पार्लमेंटांत बिल आलें, थट्टा झाली, बिल बारगळलें. विलेट १९१५ सालीं वारला. दुसऱ्याच वर्षीं, ३० एप्रिल १९१६ रोजीं, कोळसा वांचविण्यासाठीं जर्मनीनें हीच युक्ति अंमलांत आणली आणि तीन आठवड्यांत इंग्लंडनें शत्रूचें अनुकरण केलें. लोकांच्या सुखासाठीं म्हणून जें मान्य झालें नाहीं, तें लढाईच्या कोळशासाठीं तेव्हांच मान्य झालें.

हिंदुस्थानालाही ही वेळ लढाईनेंच दिली. दुसऱ्या महायुद्धांत १ सप्टेंबर १९४२ पासून सर्व देशाचें घड्याळ एक तास पुढें करण्यांत आलें आणि १५ ऑक्टोबर १९४५ रोजीं तें मागें आलें. उन्हाळी वेळ म्हणावें तर ती हिवाळ्यांतही तशीच राहिली. तीन वर्षें अखंड. ऑगस्ट १९४२ मध्यें ‘चले जाव’ची घोषणा झालेली, पुढारी तुरुंगांत, अशा वेळीं घड्याळाबद्दल लोकांस विचारावयाचें कोणाला सुचणार? कोल्हापुरांत या वेळेप्रमाणें भर दुपार होई ती दीड वाजून गेल्यावर. जानेवारीच्या थंडींत सूर्य उगवे तो आठ वाजून गेल्यावर. मुंबईंत तर मौज अशी कीं, ज्याला जुना मुंबई टाइम सोडवत नव्हता त्याच्या आणि आगगाडीच्या वेळेंत आतां एक तास एकोणचाळीस मिनिटांचें अंतर पडलें. मुंबई टाइम, स्टँडर्ड टाइम आणि लढाईचा टाइम, असे तीन काळ एका शहरांत नांदूं लागले. यजमान कोणत्या टाइमानें जेवावयास बोलावतो आहे, हें विचारूनच घराबाहेर पडावें.

स्वातंत्र्यानंतर कलकत्त्यानें १९४८ सालीं आपली निराळी वेळ सोडली आणि पुढें मुंबईनेंही सोडली. ज्या स्टँडर्ड टाइमला चाळीस वर्षें सरकारी म्हणून विरोध झाला, तो सरकार बदलतांच फारसा विरोध न होतां आपला झाला. एकोणचाळीस मिनिटें होतीं तेवढींच होतीं; हुकूम कोणाचा, एवढेंच बदललें होतें.

मतपेटीचा खरा अनुभव घ्यावयाचा तर ऑस्ट्रेलियाकडे पाहावें लागतें. तेथें अशा कौलांतही मत देणें सक्तीचें असतें, म्हणजे व्यापारी, मजूर आणि गवळी यांचें मत सारख्याच वजनाचें. न्यू साउथ वेल्समध्यें १९७६ सालीं शेंकडा ६८ मतें उन्हाळी वेळेस अनुकूल पडलीं. क्वीन्सलँडमध्यें २२ फेब्रुवारी १९९२ रोजीं शेंकडा ५४.५ मतांनीं ती नाकारली गेली. ब्रिस्बेनच्या कोंपऱ्याला संध्याकाळीं समुद्रकांठीं उजेड हवा होता. उष्ण कटिबंधांतील उत्तरेला आणि पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांना दिवसभराचें ऊन अगोदरच पुरे झालें होतें. पश्चिम ऑस्ट्रेलियानें तर १९७५, १९८४, १९९२ आणि २००९ असे चार वेळां हेंच उत्तर दिलें, आणि चारही वेळां नकाराचीं मतें शेंकडा ५३ ते ५५ यांच्या दरम्यान राहिलीं. शेवटच्या खेपेस तर तीन उन्हाळे प्रत्यक्ष अनुभव घेऊन मग लोकांनीं नकार दिला. कॅनडांतील अल्बर्टा प्रांतानें १९६७ सालीं नाहीं म्हटलें, १९७१ सालीं होय म्हटलें, आणि २०२१ सालीं उन्हाळी वेळ बाराही महिने ठेवावी काय या प्रश्नावर शेंकडा ५०.२ लोकांनीं नाहीं म्हटलें. इतक्या निसटत्या मतानें कोट्यवधि सकाळी ठरतात, हें पाहून मद्रास वेळेचा हुकूम काढणाऱ्या गव्हर्नरसाहेबांस काय वाटलें असतें कोण जाणे.

कोल्हापुरास असा प्रश्न कोणी विचारलाच, तर उत्तर देण्यापूर्वीं दोन आंकडे पाहावे लागतील. कोल्हापूरचा सर्वांत मोठा दिवस सुमारें तेरा तासांचा आणि सर्वांत लहान सव्वाअकरा तासांचा. फरक दोन तासांचाही नाहीं. जूनमध्यें सूर्य उगवतो तो सहाच्या सुमारास. झोंपेंत वांयां जाणारा उजेड, ज्यासाठीं विलेट झुरला, तो येथें फारसा नाहींच. दुसरी गोष्ट, स्टँडर्ड टाइममुळें कोल्हापूरचें घड्याळ सूर्याच्या तेहतीस मिनिटें पुढें बारा महिने चालतच आहे. म्हणजे विलेटनें मागितलेल्या ऐंशीं मिनिटांपैकीं पुष्कळशीं करवीरनगरीस न मागतां मिळालेलीं आहेत. तक्रार करावी ती पूर्वेकडच्यांनीं. आसामांत दिब्रुगडला सूर्य घड्याळाच्या अकरा वाजून दहा मिनिटांनींच डोक्यावर येतो; म्हणून तेथील चहाच्या मळ्यांत एक तास पुढचें ‘बागान टाइम’ पिढ्यान् पिढ्या चालत आलें आहे. भारतांत दोन वेळा असाव्यात अशी सूचना दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांनीं २०१८ सालीं केली, आणि सर्वच देशाचें घड्याळ अर्धा तास कायमचें पुढें न्यावें अशीही एक सूचना होऊन गेली. या दुसऱ्या सूचनेप्रमाणें कोल्हापूरची दुपार एक वाजून तीन मिनिटांनीं होईल. दोन्ही सूचना शास्त्रज्ञांच्या आणि सरकारच्या पातळीवरच राहिल्या.

तोंपर्यंत पंचांगें आपल्या पद्धतीनें चाललीं आहेत. सूर्योदय स्टँडर्ड टाइमांत छापावयाचा आणि शेजारीं गांवोगांवच्या मिनिटांच्या फरकाचें कोष्टक द्यावयाचें. माध्यान्हाचा अभिजित मुहूर्त काढावयाचा झाला, तर कोल्हापूरचा जोशी तो बाराच्या ठोक्याला धरीत नाहीं. नोव्हेंबरांत सव्वाबाराच्या आसपास आणि फेब्रुवारींत पाऊण वाजतांच्या आसपास धरतो.